वेंडेलची चौथी मेल

कारखान्याच्या प्रयोगशाळेत डोरीनने चेडर चीजच्या चाळीस पौंडी ठोकळ्यात नमुना काढायची पोकळ सळई खुपसली, फिरवली आणि नमुना बाहेर काढून नाकाशी धरला. तेवढ्यात टेबलावरचा फोन थरथरला. नाव वाचून तिने तो पालथा घातला.

"तुझा वेंडेल का?" पलीकडे बाटल्या धुणाऱ्या ट्रूडीने विचारलं. "चौथ्यांदा? अगं, माझ्या नवऱ्यानेसुद्धा लग्नाआधी इतका पिच्छा पुरवला नव्हता."

"गप्प बस गं."

ट्रूडी हसली. डोरीनला हसू आलं नाही.

वेंडेल ऑस्टबी तिला फेब्रुवारीत मॅडिसनला, चीजवाल्यांच्या वार्षिक मेळाव्यात भेटला होता. कॉफीच्या रांगेत. अठ्ठावन्न वर्षांचा गडी, आणि गळ्यातल्या बिल्ल्यावर बंद पडलेल्या कारखान्याचं नाव. एकतीस वर्षं त्याने तिथे चीज बनवलं, पारखलं, आणि नाताळाच्या तोंडावर मालकांनी कुलूप ठोकलं. पण त्याने रडगाणं गायलं नाही. चेडर कडू का होतं यावर तो इतकं नेमकं बोलला की डोरीन हातातली कॉफी प्यायची विसरली. तिच्याच तोंडून निघालं, "आमच्याकडे चीज पारखणाऱ्याची एक जागा निघतेय. सोमवारी मला मेल टाका, मी लायलशी बोलते." लायल म्हणजे तिचा मॅनेजर.

आमच्या विस्कॉन्सिनात असं कुणीही कुणालाही म्हणतं. तोंडावर नाही म्हणायची आम्हाला सवयच नाही, आणि ऐकणाराही ते फारसं मनावर घेत नाही. वेंडेलने मनावर घेतलं. कारण डोरीन तेव्हा खरोखरच मनापासून बोलली होती, आणि ते त्याला कळलं होतं.

सोमवारी सकाळी आठच्या ठोक्याला त्याची मेल आली. त्या दिवशी नेमके सरकारी तपासणीवाले आले. मंगळवारी लायल गावाला गेला. पुढच्या आठवड्यात वेंडेलने लिहिलं, 'घाई नाही, नुसती आठवण.' आता उत्तर द्यायचं तर आधी माफी मागायला हवी होती, आणि दिवस जातील तशी ती माफी वाढतच चालली. तिसऱ्या मेलमागोमाग तर त्याने स्वतःच्या हातचं, पाच वर्षं मुरलेलं चेडर टपालाने पाठवलं. प्रयोगशाळेत सगळ्यांनी मिळून ते खाल्लं. डोरीननेही खाल्लं. फार सुरेख होतं. मग मात्र तिला त्याचं नाव वाचायचीही लाज वाटू लागली. लायलशी ती बोललीच नाही, आणि गेल्या शुक्रवारी जागा भरली गेली.

जेवणाच्या सुट्टीत ती पार्किंगमधल्या आपल्या गाडीत जाऊन बसली आणि तिने मेल उघडली.

'डोरीन, जागा भरल्याचं समजलं. तुम्ही माझ्यासाठी शब्द टाकलात, त्याबद्दल मनापासून आभार. आता आणखी त्रास देणार नाही. वेंडेल.'

तिने सँडविच परत कागदात गुंडाळलं. नुसतं गप्प बसली असती तरी सगळं मिटलं असतं. आभार आयतेच पदरात पडले होते. तेच तिला सहन होईना. तिने मेलखालचा नंबर लावला.

"अरे वा, डोरीन!" वेंडेलचा आवाज खुलला. "कशा आहात? तुमच्याकडे बर्फ वितळला का?"

"वितळतोय. वेंडेल, ऐका. मी शब्द टाकला नव्हता. लायलजवळ तुमचं नावसुद्धा काढलं नाही मी. उद्या बोलू, उद्या बोलू, असं करत राहिले."

पलीकडे कुणीतरी भांडी लावत होतं. तो आवाज थांबला.

"हो," वेंडेल म्हणाला. "मला माहीत आहे ते."

"काय माहीत आहे?"

"परवा मीच फोन केला होता लायलला. म्हटलं, बघावं तरी. त्यांनी माझं नाव पहिल्यांदाच ऐकलं होतं."

डोरीनने स्टिअरिंग घट्ट धरलं.

"काय म्हणाला तो?"

"चांगला माणूस आहे."

"वेंडेल, काय म्हणाला?"

"जाऊ द्या ना." ती ऐकेना, तेव्हा त्याने सांगितलं, "म्हणाले, दहा दिवस आधी कळलं असतं तर दुसऱ्या कुणाला बोलावलंच नसतं."

तिच्या बाजूला मालाचा एक ट्रक मागे मागे येत टूं टूं करत होता. तो थांबल्यावर तिने विचारलं, "मग आभार कशाला मानलेत? शिव्या घालायच्या होत्यात मला."

"तुम्ही उत्तर देत नव्हतात. आमची ही म्हणाली, बाई अवघडून बसल्या असतील. म्हटलं, कशाला उगीच? मोकळं करून टाकावं." त्याने घसा खाकरला. "आणि तसं काही अडलेलं नाही हो. सोमवारपासून इथल्या हार्डवेअरच्या दुकानात लागतोय. रंगाच्या काउंटरवर."

"मला माफ करा," डोरीन म्हणाली. रडायचं नाही असं तिने ठरवलं होतं, ते जमलं नाही.

"अहो, असं काय करता?" वेंडेल घाबरला. "हे बघा, मेळाव्यानंतर मी बावीस जणांना मेल टाकल्या होत्या. उलट फोन केलात तो फक्त तुम्हीच."