काकांची चांदी, काकूचा डोळा

शुद्धतेची परीक्षा काकांनी स्वतःच घेतली होती आणि स्वतःला पैकीच्या पैकी गुणही देऊन टाकले होते. काचेच्या ग्लासात चांदीच्या दोन पट्ट्या, त्यांना जोडलेल्या बॅटऱ्या, आणि काम लवकर उरकावं म्हणून चिमूटभर मीठ. पाणी धुरकट झालं, त्यात लेझरचा लाल किरण आरपार दिसला. झालं, चांदीच्या पाण्याचं औषध तयार.

"एवढा ठसठशीत किरण," काका पुतणीला म्हणाले, "शुद्ध असल्याशिवाय दिसेल का?"

"थेंबभर दूध घातलेल्या पाण्यातही दिसतो, काका."

पुतणी पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला होती. काकांनी तिला बोलावलं होतं ते तपासायला नव्हे, शिक्का मारायला. शेजारी काकू सुजलेला, लालभडक डोळा रुमालाने टिपत बसली होती. पहिला थेंब त्याच डोळ्यात पडायचा होता. डॉक्टरचा विषय काकांनी सकाळीच निकालात काढला होता. एवढी वर्षं शिकून डॉक्टरला साधं चांदीचं पाणी बनवता येत नाही.

पुतणीने प्रयोगशाळेतून सोबत आणलेल्या परीक्षानळीत थोडं औषध घेतलं आणि वर अमोनिया ओतला. धुरकटपणा बराचसा निवळला. मागे राहिला फिकट निळा रंग.

"धुरकट होतं ते मिठामुळे. निळं आहे ते तांबं. पट्ट्या कशाच्या घेतल्यात?"

"शुद्ध चांदीच्या."

"माझ्या कड्याच्या," काकू म्हणाली. "विचारलंसुद्धा नाही, कापून मोकळे. लग्नाच्या वाढदिवसाला यांनीच दिलेलं."

माघार घेण्याची सवय काकांनी कधी लावून घेतली नव्हती. "तांबं तर प्रकृतीला उत्तमच. एकात दोन औषधं झाली."

"डोळ्यात नाही चालत, काका."

"थांब गं जरा," काकू म्हणाली. "अहो, म्हणजे कड्यात तांबं होतं?"

"सराफाने शुद्ध म्हणूनच दिलं होतं."

"घेताना लेझर मारून नाही का बघितलंत?"

काका घाईघाईने कड्याच्या बचावाला धावले. "अगं, दागिन्यात थोडं तांबं घालावंच लागतं. नाहीतर चांदी वाकते. सगळेच घालतात."

"म्हणजे कडं चांगलंच होतं."

"अर्थात."

"आणि पाणी अशुद्ध."

काकांनी नळीकडे पाहिलं, मग बायकोकडे. "तसं म्हटलं तर... थोडंसं."

काकू उठली, पायात चपला सरकवल्या. "चल गं, दवाखाना बंद व्हायच्या आत पोहोचू."

काका दारापर्यंत आले.

"जाताच आहात तर डॉक्टरांना एवढं विचारा," ते म्हणाले, "कानात चालेल का."