पायाखालचा उजेड

सासूबाई राहायला येणार असं ठरलं आणि शिंप्याच्या डोक्यात बोळातल्या दिव्याने घर केलं.

त्याचं घर लांबट होतं. रस्त्याच्या तोंडाला शिवणकामाचं दुकान, त्यामागे स्वयंपाकघर, आणि अगदी मागे एक खोली. ती खोली सासूबाईंना द्यायची होती. स्वयंपाकघरातून तिकडे जायला एक अरुंद बोळ होता, त्याला ना खिडकी ना झरोका. तिथली ट्यूबलाइट एवढी आळशी, की माणूस बोळ ओलांडून जायचा आणि मग ती फरफरत लागायची.

"आईला दिवा नको, माणसं हवीत," बायको म्हणाली. ती पोस्टात कामाला होती आणि थोडक्यात बोलायची तिला सवय होती.

"माणसं आहेतच की. दिवा वरकड."

खरं सांगायचं तर शिंप्याला जुन्या लोखंडाचं वेडच होतं. निमित्त मिळालं की तो लाकडाच्या वखारीमागे गंजूशेठच्या दुकानात जायचा. शेठचं खरं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. मोडलेल्या घरांतले कठडे, कड्या, दिवे असा सगळा गंजका माल त्याच्याकडे असायचा, म्हणून गंजूशेठ. तोही या नावाने हाक मारली की ओ द्यायचा.

त्या दुपारी शेठने आकड्याने एक कंदील खाली उतरवला. हातभर उंच, लोखंडी पट्ट्यांचा पिंजराच जणू, पट्ट्यांमधून वेलीसारख्या वळलेल्या सळ्या, आणि प्रत्येक वळणाच्या टोकाला एक पान.

"घडीव आहे, ओतीव नाही," शेठ म्हणाला. "बोट फिरवून बघा. साच्यातून काढलेल्या मालाला शिवण असते."

"शिवण मला सांगताय?"

"मग शोधा की."

शिंप्याने बोट फिरवलं. शिवण नव्हती. हातोडीचे ठोके तेवढे बोटाला लागले, एकासारखा दुसरा नाही. सांधे रिव्हेटने ठोकलेले. नखाने टिचकी मारली तर लोखंड घुमलं. दोन पानं मात्र एकसारखी नव्हती. करणाऱ्याचा हात तिथे थकला असेल किंवा त्याला कुणी हाक मारली असेल. शिंप्याला ते फार आवडलं. मान वर करून तो त्या कंदिलाकडे बघत राहिला, आणि गंजूशेठ गिऱ्हाइकाच्या मानेकडे बघत राहिला. मान इतका वेळ वर राहिली की भाव उतरवायची गरज नसते, हे शेठला पक्कं ठाऊक होतं.

मग रोज दुकान बंद केल्यावर शिंपी तारेचा ब्रश घेऊन बसायचा. गंज निघाला, बोटांची सालंही निघाली. जवसाचं तेल चोळून त्याने लोखंड काळंभोर केलं. वायरमनला बोलावून आतली कुजकी वायर बदलून घेतली, छताला जाड हूक ठोकला.

सासूबाई आल्या त्या संध्याकाळी कंदील उजळला होता. लेकीच्या दंडाला धरून त्यांनी बोळ ओलांडला, मान वर केली आणि म्हणाल्या, "छान आहे. फार छान आहे, जावईबापू." शिंपी मनातल्या मनात फुलला.

सासूबाई वर्षानुवर्षं एकट्या राहिल्या होत्या. आपल्या घराच्या पायरीवर त्या पडल्या आणि शेजारणीला आवाज जाईपर्यंत तशाच पडून राहिल्या, तेव्हा कुठे लेकीचं ऐकलं. तेसुद्धा "बघू, करमलं तर राहीन" एवढंच म्हणून. नाही करमलं तर पुन्हा तेच घर, तीच पायरी.

दुपारी सगळं छान चालायचं. सासूबाई स्वयंपाकघरात टेबलाशी येऊन बसायच्या, जावयाला भाजी निवडायला लावायच्या, त्याच्या गिऱ्हाइकांच्या नकलांना हसायच्या. अंधार पडला की मात्र त्यांची भूक मेलेली असायची. "मला नको. तुम्ही जेवा." मग बायको ताट खोलीत नेऊन द्यायची आणि ते रिकामं परत यायचं.

"म्हणजे भूक आहे," शिंपी म्हणाला. "आपल्याबरोबर बसायचं नाहीये."

"तुम्ही जेवताना फार बोलता."

"दुपारी चालतं ना त्यांना?"

"दुपारी तुमची करमणूक होते. दोन वेळा कुणाला झेपेल?"

त्याने मनावर घेतलं आणि रात्री मुकाट्याने जेवू लागला. काही उपयोग झाला नाही. खोलीचं दार बंदच. त्याने गरम मोजे शिवून दिले, उशीला नवा अभ्रा शिवला. सासूबाई प्रत्येक गोष्टीला "छान आहे" म्हणायच्या. त्या "छान"ची आता त्याला धास्ती वाटायला लागली होती. आणि एके सकाळी चहा पिताना त्या लेकीला म्हणाल्या, "रविवारी मला घरी सोडून ये. इथे सगळं छान आहे, पण आपलं घर ते आपलं घर."

बायको त्या दिवशी पोस्टात जाताना डबा विसरली.

शनिवारी तिला यायला उशीर होणार होता. अंधार पडल्यावर शिंप्याने दुकानाचं शटर ओढलं आणि स्वयंपाकघरात आला. तिथला दिवा त्याने अजून लावला नव्हता. बोळात कंदील लागलेला होता, आणि पलीकडच्या टोकाला सासूबाई दारात उभ्या होत्या. त्यांना तो दिसला नाही.

त्यांनी एक हात चौकटीला धरला होता. उजवा पाय हळूच पुढे केला, पाणी किती तापलंय ते अंगठ्याने पाहावं तसा. फरशीला टेकायच्या आत मागे घेतला. पुन्हा पुढे केला, पुन्हा मागे. मग पदराने तोंड पुसलं आणि आत वळल्या.

शिंपी तिथेच उकिडवा बसला आणि पहिल्यांदा त्याने खाली पाहिलं.

फिकट फरशीवर काळ्या पट्ट्या पडल्या होत्या, भिंतीपासून भिंतीपर्यंत. पट्ट्यांच्या मध्ये वेटोळी, आणि वेटोळ्यांत खड्ड्यांसारखे डाग. दुकानाच्या फटीतून वारा यायचा तसा कंदील किंचित हलायचा आणि सगळी फरशी हलायची. दुपारी स्वयंपाकघरातल्या उजेडावर भागायचं, कंदील लागायचाच नाही. त्याने हा दिवा हातात धरला होता, मांडीवर घेतला होता, मान मोडेस्तोवर त्याच्याकडे वर पाहिलं होतं. दिव्याचा उजेड पडतो कुठे, ते बघायचं राहून गेलं होतं.

त्याने कंदील विझवला, स्वयंपाकघरातला दिवा लावला आणि हाक मारली, "आई, चहा टाकतोय. येताय?"

दार उघडलं. त्या अर्धवट अंधारात सासूबाई भिंतीला हात लावत सरळ चालत आल्या आणि खुर्चीवर बसल्या. शिंप्याने आधण ठेवलं. पाठ तिकडेच ठेवून विचारलं, "फरशीवर काय दिसतं तुम्हाला?"

"कुठे काय?"

"आई."

"गटारावर असते ना, तसली जाळी. नाहीये, हे ठाऊक आहे मला. डोळे अधू झालेत, डोकं नाही. पण पायाला कोण समजावणार? एकदा पडलेला पाय आहे तो."

"मग सांगायचं नाही?"

"काय सांगू? लेक म्हणाली, बोटांची सालं काढलीत त्या दिव्यापायी. माझ्यासाठी. मी येऊन चार दिवस झाले नाहीत, लगेच दिवे उतरवायला लावू?"

"मला वाटलं मी आवडत नाही तुम्हाला."

"तेही आहे थोडं," सासूबाई म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून हसल्या. हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. शिंप्याचा चहा उतू गेला.

बायको आली तेव्हा तिने सगळं ऐकलं आणि चपला पायात तशाच ठेवून खुर्चीत बसली. "दिव्याखाली अंधार म्हणतात ते हेच."

"आपल्याकडे दिव्याखाली गटार," शिंपी म्हणाला.

त्याने त्याच वेळी कंदिलात दुधी काचेचा बल्ब लावून पाहिला. पट्ट्या पुसट झाल्या, गेल्या नाहीत. सासूबाईंनी पाय पुढे केला आणि मान हलवली. "राहू द्या हो. जुनी ट्यूब लावा, नाहीतर तसंही मी उद्या..."

"उद्या तुम्ही माझ्याबरोबर गंजूशेठच्या दुकानात येताय, दुसरा दिवा निवडायला," शिंपी म्हणाला. "संध्याकाळी. दिवे लागल्यावर."

"आणि माझ्या पायाला पटेल असा नाहीच मिळाला?"

"तर मी स्वतः तुम्हाला घरी सोडून येईन. हट्ट धरणार नाही."

बायकोने त्याच्याकडे पाहिलं. असलं वचन देताना तो तिला विचारेल असं तिला वाटलं होतं.

रविवारी तिघं गेली. शिंप्याने कंदील पोत्यात गुंडाळून घेतला होता, शेठने परत घेतला तर द्यायला. काखेत पांढऱ्या अस्तराचा एक तागा होता. शेठच्या दुकानातली जमीन काळीकुट्ट, तिच्यावर सावली काय दिसणार? त्याने सामान बाजूला सारून अस्तर अंथरलं. सासूबाईंनी चपला काढल्या आणि त्यावर उभ्या राहिल्या.

गंजूशेठने सगळ्यात आधी झुंबर पेटवलं. बारा फांद्या, साखळ्या, टोकांना भाले. "राजवाड्यातलं आहे, आजी."

सासूबाईंनी पायाशी पाहिलं. अस्तरावर काट्याकुट्यांचं रान उगवलं होतं. "राजाला पडायची भीती नसेल."

शेठने दुसरा दिवा लावला, तिसरा लावला. सासूबाईंची मान खालीच. शेवटी शेठला राहवलं नाही. "आजी, दिवा वर आहे."

"दिवा तुम्ही बघा. मला चालायचंय."

शेठने बायकोकडे पाहिलं, शिंप्याकडे पाहिलं, आणि मग स्वतःच वाकून अस्तराकडे पाहिलं. आयुष्यभर दिवे विकले, पण असं गिऱ्हाईक आलं नव्हतं. त्याला चेव चढला. कोपऱ्यातून तो एकेक दिवा काढू लागला, वायरीला जोडू लागला, आणि सासूबाई एकेका दिव्याखालून चालू लागल्या. एका गोल कड्याच्या दिव्याखाली त्या विहिरीच्या काठी थांबावं तशा थांबल्या. एका पितळी टोपाच्या दिव्याने मधोमध उजेड आणि कडेला काळोख पाडला, तिथेही पाय अडला. बायको नखं खात होती. एवढ्या वर्षांत शिंप्याने तिला नखं खाताना पाहिलं नव्हतं.

"आता एकच राहिलाय," शेठ म्हणाला, "पण तो दाखवण्यासारखा नाही. जिन्यातला आहे. जोडी होती, दुसरा हरवला."

भिंतीला लावायचा दिवा होता. एकच लोखंडी दांडी, भिंतीतून निघून बगळ्याच्या मानेसारखी वळलेली, तिच्यावर एकुलतं एक पान, आणि टोकाला दुधी काचेचा गोळा खाली लोंबलेला. सगळं लोखंड उजेडाच्या वर. शेठने तो हाताने उंच धरला. पानाची सावली छतावर गेली. अस्तर कोऱ्या कागदासारखं पांढरं राहिलं.

सासूबाई चालल्या. टोकाला जाऊन वळल्या आणि परत आल्या, हात कुठेही न लावता. मग पुन्हा एकदा चालल्या, या वेळी उगाचच, आवडलं म्हणून.

"हा," त्या म्हणाल्या.

शिंप्याला तो दिवा मुळीच आवडला नव्हता. आमटीच्या वाकलेल्या डावासारखा दिसत होता. तो पोत्याची गाठ सोडू लागला, आणि त्याचा हात जरा रेंगाळला. सासूबाईंच्या अधू डोळ्यांना नेमकं तेवढं दिसलं.

"तो परत देऊ नका," त्या म्हणाल्या. "तुमच्या दुकानात लावा."

"तिथे कशाला?"

"तुम्हीच सांगत होता ना, माप घेताना गिऱ्हाईक खाली वाकून आपलं पोट बघतं आणि माप चुकतं. हा टांगला की बघेल वर."

गंजूशेठ म्हणाला, "आजी, तुम्ही माझ्या दुकानात बसा. मी घरी जातो."

नवा दिवा बोळात चढला. एकदा लावला तेव्हा फार खाली आला, गोळा डोळ्यांवर यायला लागला. सासूबाईंनी सांगितलं तसा वीतभर वर घेतला. त्या संध्याकाळी बायको ताटं मांडत होती आणि शिंपी पाणी भरत होता, आणि दोघंही बोळाकडे बघत नसल्याचं नाटक करत होती. पावलं ऐकू आली. न थांबता आली. सासूबाई खुर्चीत बसल्या.

"बघू नका असं. मी काही नवी नवरी नाही."

मग त्यांनी पहिला घास घेतला, चावला, आणि लेकीला म्हणाल्या, "मीठ कमी आहे."

"आई, रोज एवढंच घालते मी."

"रोज कमीच असतं. आणि ही खुर्ची उंच आहे, माझे पाय लोंबतात. उशी दगडासारखी आहे, अभ्रा कितीही चांगला असला तरी. मोरीतला नळ रात्रभर ठिबकतो, मला झोप नाही. आणि जावईबापू, त्या ढेरपोट्या वकिलाची नक्कल तुम्ही मला तीनदा करून दाखवलीत."

"एवढे दिवस तर सगळं छान होतं," शिंपी म्हणाला.

"तेव्हा मी पाहुणी होते."

बायकोने भात वाढता वाढता तोंड फिरवलं. तिला हसू येत होतं की रडू, ते शिंप्याला नीट दिसलं नाही. "घ्या," ती म्हणाली, "आता भोगा."

शिंप्याने मिठाची बरणी सासूबाईंच्या ताटाशी सरकवली आणि खुर्चीचे पाय किती कापावे लागतील, ते बघायला टेबलाखाली वाकला.