लाउरीचं क्रियापद

२००३ साली आमच्या कंपनीत फिनलंडहून एक मशीन आलं आणि ते बसवायला लाउरी नावाचा माणूस. दोघांपैकी मशीन बोलकं होतं.

मी फिटर, म्हणून मला त्याच्यासोबत दिलं. लाउरी दिवसातून दोनच शब्द बोलायचा: एन याक्सा. मशीनकडं बघून, कँटीनच्या भाताकडं बघून, मॅनेजरकडं बघून. मी वहीत अर्थ लिहून ठेवला: वैताग.

मग एके दिवशी त्यानं मलाच विचारलं, ‘‘मितेन याक्सात?’’

मी त्याला चौदा नंबरचा पाना दिला.

पाना बाजूला ठेवून त्यानं मोडक्या इंग्रजीत समजावलं. अंगात आणि मनात आजच्यापुरतं बळ उरलेलं असणं, म्हणजे याक्सा. तो मला विचारत होता, तुझ्यात किती उरलंय? आणि याचं उत्तर खरं द्यायचं असतं.

हे मला झेपेना. मी म्हटलं, आमच्याकडं माणूस भेटला की ‘जेवला का’ विचारतात आणि उपाशी असलो तरी ‘जेवलो’ म्हणायचं असतं. नाहीतर विचारणाऱ्याला चूल पेटवावी लागते. लाउरी म्हणाला, मग विचारता कशाला? मी पुन्हा पाना दिला.

खरं तर माझी अडचण हीच होती. आई गेल्यापासून आप्पा दौंडला एकटे, मी कारेगावच्या खोलीत एकटा. दर रविवारी मी एसटीडी बूथवरून आप्पांच्या शेजारच्या सिंधूबाईंकडं फोन लावायचो. जेवला का? जेवलो. तू? जेवलो. वर्षभर आम्ही दोघं नुसते तुडुंब जेवत होतो. चौदा एप्रिलला घरी गेलो तर आप्पांचा पट्टा तीन भोकं आत. म्हणाले, चामडं ताणलंय. ते खरंच जेवतात का, हे मला कळायला काही मार्गच नव्हता.

त्या रविवारी मी आप्पांना क्रियापद शिकवलं. अर्थ सांगितला, वापर सांगितला. वर म्हटलं, ह्यात खोटं चालत न्हाई, तिकडचा नियम हाय.

आप्पांनी रेल्वेत पस्तीस वर्षं पॉइंट्समनची नोकरी केलेली. नियम म्हटल्यावर त्यांचा आवाज एकदम ड्यूटीवर आला. म्हणाले, विचार.

‘‘मितेन याक्सात, आप्पा?’’

पलीकडं शंटिंगचं इंजिन ऐकू येत होतं. ते लांब गेल्यावर आप्पांनी विचारलं,

‘‘न्हाई म्हणायचं आसंल तर?’’

‘‘एन याक्सा.’’

स्टेशनमास्तरचा निरोप परत म्हणून दाखवावा तसं आप्पा एकेक अक्षर सुटं करून म्हणाले, ‘‘एन याक्सा.’’ मग विचारलं, ‘‘आन् तू?’’

नियम मलाही लागू होता. मीही तेच म्हणालो.

बूथचं मीटर पळत राहिलं, तरी दोघांनीही फोन ठेवला नाही. मागून सिंधूबाईंनी विचारलं, काय झालं ओ आप्पा?

‘‘काय न्हाई,’’ आप्पा म्हणाले. ‘‘पोराशी बोलतोय.’’