फुलाफुलांच्या कव्हरातलं पिस्तूल

मित्रांनो, मी एक जुनं पिस्तूल आहे. घाबरू नका, बाकावरून उठूही नका. माझ्यातून आजवर फक्त दोन गोळ्या सुटल्या, त्याही कारखान्यात, चाचणीसाठी, वाळूच्या पोत्यावर. पोत्याने कधी तक्रार केली नाही. पुढे नवीन पनवेलमध्ये माझ्यामुळे एका माणसाचं नाक फुटलं. पण त्याला माझी गोळी लागली नव्हती, मी स्वतःच लागले होते. ही हकीकत त्या नाकाची आहे, आणि त्याआधीच्या एका मानेची.

माझा जन्म सरकारी कारखान्यातला. बोअर बत्तीस, जाडी जेमतेम इंचभर, वजन पाऊण किलोच्या आत. माझी थोरली भावंडं कमरेला लटकून लग्नाच्या वरातीत मिरवायची. मला मात्र खिशात किंवा पर्समध्ये लपण्यासाठीच घडवलेलं. जो मिरवतो तो विसरतो. ज्याला लपवून ठेवतात त्याला सगळं लक्षात राहतं. माझा स्वभाव पहिल्यापासून खुनशी आहे तो यामुळेच.

मुंबईतल्या शहजादभाईंच्या दुकानात काचेच्या कपाटात मी दोन वर्षं पडून होते. गिऱ्हाइकं यायची, मला हातात घ्यायची, हसायची आणि माझ्यापेक्षा दुप्पट मोठं काहीतरी घेऊन जायची. त्या सगळ्यांचे चेहरे मला पाठ आहेत. मग २००९ सालच्या फेब्रुवारीत आशालताबाई आल्या. नवीन पनवेलच्या एका शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, मराठी आणि गरज पडल्यास छडी शिकवलेल्या, वय एकसष्ट.

शहजादभाई स्वतः पनवेलचे. त्यांनी खुर्ची पुढे केली. "या बाई, बसा. मुलासाठी बघताय?"

"माझ्यासाठी," बाई म्हणाल्या आणि पर्समधून परवाना आणि सहा इंची फूटपट्टी काढून काउंटरवर ठेवली.

शहजादभाईंनी परवाना दोनदा वाचला, बाईंकडे एकदा पाहिलं आणि एक रिव्हॉल्व्हर पुढे ठेवलं. "माझं ऐका, हे घ्या. घोडा दाबला की काम तमाम. पिस्तुलाचं तसं नाही. आधी वरची स्लाइड मागे ओढायची, तेव्हा गोळी नळीत येणार. आणि पिस्तूल जेवढं छोटं, तेवढी स्प्रिंग कडक. तुमच्या बोटांना..."

"माझ्या बोटांनी छत्तीस वर्षं कान पिळलेत."

"मग माशाल्ला, हरकत नाही."

बाईंनी रिव्हॉल्व्हरला पट्टी लावली. "याचं पोट सुटलंय. पर्सची चेन लागायची नाही." मग दुसऱ्याला लावली, तिसऱ्याला लावली. कुणाची मूठ लांब, कुणाची नळी. शेवटी मला उचललं, पर्समध्ये चष्म्याच्या घराशेजारी ठेवलं, चेन ओढली. लागली. तेवढ्यावर माझी निवड झाली. मी नेम कसा धरते, किती गोळ्या पोटात ठेवते, कुणी विचारलं नाही. शाळेच्या गणवेशाचं मापसुद्धा याहून आपुलकीने घेतात.

पावती करताना शहजादभाईंना राहवलं नाही. "बाई, परवान्यावर आत्मसंरक्षण लिहिलंय. तुम्हाला खरंच कुणापासून धोका आहे?"

"मला नाही," बाई म्हणाल्या. "त्याला आहे."

मित्रांनो, त्या क्षणी मला पहिल्यांदा वाटलं की आपण योग्य घरी चाललोय.

हा 'तो' कोण, ते मला हळूहळू समजलं. तीन वर्षांपूर्वी, एका सकाळी, मोटारसायकलवरून आलेल्या एका माणसाने बाईंना पत्ता विचारला आणि गळ्यातल्या मंगळसूत्राला हात घातला. बाईंनी ते धरून ठेवलं. तेव्हा तो अगदी समजुतीच्या सुरात म्हणाला, "सोडा ना आजी, मान कापेल." तोवर बाईंना कुणीही आजी म्हटलं नव्हतं. त्यांनी सोडलं नाही आणि मान कापली. सात टाके पडले. दुसरं मंगळसूत्र सोनाराकडे घडवायला टाकलं. ते येण्याआधीच अंथरुणाला खिळलेले यजमान गेले. त्या दिवशी शेजारच्या दमयंतीबाई बाईंच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "एक बरं झालं हो आशा, मंगळसूत्र काढायचा प्रसंग तरी टळला."

दमयंतीबाई बोलल्या त्या समजूत घालायला. बाई रडल्या नाहीत. चौदावा झाला आणि पंधराव्या दिवशी त्या परवान्याचा अर्ज आणायला गेल्या.

अर्जाला दोन वर्षं लागली, त्यातले आठ महिने मात्र त्यांच्याच हाताने गेले. टंकलेखकाने कारणाच्या रकान्यात 'आत्मसौरक्षण' असं टाइप केलं होतं. बाईंनी त्याला लाल शाईने गोल केला, बाजूला शुद्ध शब्द लिहिला आणि खाली सही केली. अर्ज 'खाडाखोड' म्हणून परत आला. सूड घ्यायला निघालेली बाई शुद्धलेखनासाठी आठ महिने थांबली, पण चुकीच्या कागदावर सही केली नाही. अशी माणसं धोकादायक असतात. मला ती आवडतात.

नवीन पनवेलला आल्यावर मात्र माझी जी शोभा झाली, ती मी विसरणार नाही. त्या घरात प्रत्येक वस्तूला कव्हर होतं. मिक्सरला होतं, फोनला होतं, रिमोटला तर दोन होती. तिसऱ्या दिवशी बाईंनी शिवणयंत्र काढलं, उरलेल्या ब्लाउजपीसचं, लाल रंगावर पिवळ्या फुलांचं, आत कापसाचा थर घातलेलं एक कव्हर शिवलं आणि मला त्यात घातलं. वर चार टिचबटणं. हातातून निसटू नये म्हणून मनगटात अडकवायला नाडी. माझा घोडा, स्लाइड, सगळा माझा पुरुषार्थ त्या फुलांच्या आत. "पर्समध्ये ओरखडे पडायला नकोत," बाई म्हणाल्या. माझ्यामुळे पर्सला पडतील अशी त्यांना काळजी होती.

त्याच वर्षी दोन निवडणुका आल्या. निवडणूक आली की परवान्याची हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करायची पद्धत आहे. बाई पहिल्याच दिवशी गेल्या. रांगेत कुणी जमीनवाले होते, कुणी रेतीवाले, खांद्यावर दुनळ्या. बाईंनी टिचबटणं उघडून मला टेबलावर ठेवलं.

हवालदार म्हणाला, "बाई, लायटर जमा करावा लागत नाय."

रांग हसली. दुनळ्याही हसल्या असाव्यात. त्यांच्या दोन तोंडांमुळे नक्की सांगता येत नाही. महिनाभर मी त्यांच्यात पडून होते आणि एकेकाची यादी करत होते. आता सूड घेण्याची घाई बाईंना एकट्यांना नव्हती.

आता बाईंच्या योजनेविषयी. त्यांनी बाजारातून सोन्याचं पाणी दिलेली, बोटभर जाड, खोटी साखळी आणली आणि ती पदराबाहेर काढून रोज सकाळी फिरायला सुरुवात केली. बरोबर दमयंतीबाई, त्यांना गुडघ्यांसाठी चालायला सांगितलेलं. ज्या रस्त्यावर गर्दी, तो बाई टाळायच्या. जिथे दिवा गेलेला, झाडी वाढलेली, तिथे दोन फेऱ्या मारायच्या.

"अगं, इथे परवाच एकीची चेन ओढली," दमयंतीबाई म्हणायच्या.

"हो का? कुठल्या बाजूला?" आणि बाई त्या बाजूला वळायच्या.

चौदा महिने फिरल्या. कुणीही साखळीला हात लावला नाही. पत्ता विचारणारे भेटले, ते खरोखरच चुकलेले निघाले. शेवटी बाई पोलीस ठाण्यात गेल्या आणि सकाळची गस्त कमी करावी असा लेखी अर्ज दिला. कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'चोर फिरकेनासे झाले आहेत.' अर्ज शुद्ध मराठीत असल्यामुळे तो कुणी वाचला नाही.

आणि मग २०१० च्या एप्रिलमध्ये, सव्वासहाच्या सुमाराला, एक मोटारसायकल समोर येऊन थांबली.

"आजी, सेक्टर अकरा कुठे आला?"

बाईंनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तोच त्याचा हात साखळीवर आला. बाईंनी डाव्या हाताने ती धरली. तो वाकला आणि समजुतीच्या सुरात म्हणाला, "सोडा ना आजी, मान कापेल."

बाईंचा उजवा हात पर्समध्ये आला. तो हात थंड आणि स्थिर होता. चष्म्याचं घर बाजूला, बाम बाजूला, आणि मी बाहेर. बाईंनी मला सरळ त्याच्या कपाळावर रोखलं. चौदा महिने मी याच क्षणाची वाट पाहत होते. फक्त मी कव्हरात होते.

तो फुलांकडे बघत राहिला. मग हसला. "मोबाइल देताय का, आजी? ठेवा तो. जुना माल आपण घेत नाय."

बाईंचं बोट घोडा शोधत होतं. त्याला कापूस लागत होता. तेवढ्यात त्याने साखळीकडे नीट पाहिलं आणि ती सोडून दिली. "छ्या! आजी, खोटं घालून फिरता? सकाळी सकाळी माणसाला फसवायचं?"

मित्रांनो, मला लायटर म्हटलं होतं, ते मी सोसलं. मोबाइल म्हटलेलं मला सोसवलं नाही. बाईंनाही नाही. त्यांनी नाडी मनगटावर दोनदा गुंडाळली, हात मागे नेला आणि गोफण फिरवावी तसं मला फिरवलं. पाऊण किलो पोलाद, वर पिवळी फुलं. मी त्याच्या नाकावर बसले. काय आवाज झाला! गोळीचा आवाज मी दोनदा ऐकलाय. त्यात एवढं समाधान नव्हतं. मोटारसायकल आडवी झाली आणि तिच्याखाली त्याचा पाय.

दुधाच्या पिशव्या घेऊन चाललेली चार माणसं थांबली. बाईंनी श्वास घेतला, चष्मा सारखा केला आणि एकेक टिचबटण उघडलं. टच, टच, टच, टच. कव्हराची घडी घालून ते पर्समध्ये ठेवलं. मग माझी स्लाइड मागे ओढली. सोडली. गोळी नळीत आली. मी सांगते, मी पूर्ण तयार होते.

त्याला आता मी कोण ते कळलं होतं. त्याने हात जोडले. "आजी, नको. आजी, चुकलो."

"आशा, नको गं," दमयंतीबाई रडवेल्या झाल्या. "फाशी होईल गं."

बाईंचं बोट घोड्यावर होतं. मी मनातल्या मनात ओरडत होते, दाब, दाब, दाब! सात टाक्यांसाठी, सोनाराकडे राहिलेल्या मंगळसूत्रासाठी. बाईंची नजर त्याच्या कपाळावरून खाली आली, फुटलेल्या नाकावरून गळ्यावर आली आणि तिथे थांबली. त्याच्या गळ्यात सोन्याची साखळी होती. जाड, चांगली दोन पदरी, खरी.

"दमयंती," बाई म्हणाल्या, "हे जरा धर."

आणि मला दमयंतीबाईंच्या हातात दिलं, कारण त्यांना दोन्ही हात हवे होते.

दमयंतीबाईंनी मला बेसनाचा लाडू धरावा तसं दोन्ही तळव्यांत धरलं. नळी नेमकी त्याच्याकडे. बाई खाली वाकल्या, त्याच्या गळ्यातली साखळी दोन्ही मुठींत घेतली आणि म्हणाल्या, "सोड रे बाळा, मान कापेल." मग ओढली. त्याची मान कापली. चार माणसांनी टाळ्या वाजवल्या.

पोलीस आले तेव्हा आधी बाईंचं कौतुक झालं. त्याचं नाव अविनाश, नऊ गुन्ह्यांत हवा असलेला. साहेबांनी चहा मागवला. चहा निम्मा झाल्यावर साहेब म्हणाले, "बाई, पकडलात ते ठीक. पण साखळी का ओढलीत?"

"माझी राहिली होती."

साहेबांनी कप खाली ठेवला. अविनाशच्या वकिलाला तेवढंच पुरलं. शस्त्राचा धाक दाखवून गळ्यातली साखळी हिसकावली, आरोपी क्रमांक एक, आशालता. शस्त्र रोखून मदत केली, आरोपी क्रमांक दोन, दमयंती. दमयंतीबाई ठाण्यातच बसल्या. "अगं, मी नुसतं धरलं होतं! तूच म्हणालीस धर!"

"एक बरं झालं हो," बाई शांतपणे म्हणाल्या, "तारखेला एकटीने जायचा प्रसंग तरी टळला."

मला दमयंतीबाईंच्याच हातात देणं त्यांनी आधीपासून ठरवलं होतं का, मला माहीत नाही. मी खुनशी आहे, पण बाईंच्या पुढे मी पहिल्या यत्तेत.

तेव्हापासून मी पोलिसांच्या मालखान्यात, पुरावा म्हणून जमा आहे. अंगावर मांजरपाटाचं फडकं, त्यावर लाखेचं सील, गळ्यात चिठ्ठी. स्लाइडवर गंज चढतोय. म्हणून मित्रांनो, एक मागणं आहे. तुमच्या घरात माझ्यासारखं कुणी असलं तर त्याला हात लावू नका, पण मोठ्यांना सांगा, त्याला तेल द्या, कुलपात ठेवा, गोळ्या वेगळ्या ठेवा. आणि एखादा माणूस माझ्यासारखं कुणी निवडायला निघालाच, तर त्याच्या पर्सचं माप घेण्याआधी तो कुणाचं नाव मनात घेऊन निघालाय, तेवढं विचारा. नाव असेल तर त्याला खाली बसवा, पाणी द्या. मला धार नसते. जी धार असते ती घेऊन येणाऱ्याच्या मनातली.

मला वर्षातून एकदा न्यायालयात नेतात. मागच्या तारखेला मी टेबलावर होते. एका बाजूला अविनाश, मानेवर साखळीचा वण. दुसऱ्या बाजूला बाई. वकिलांनी त्यांना सांगून ठेवलं होतं: "गुन्हा तुम्ही कबूल केलाच आहे. आता फक्त पश्चात्ताप झालाय म्हणा. चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडतील, पिस्तूलही परत मिळेल."

न्यायाधीशांनी विचारलं, "आशालताबाई, झाल्या प्रकाराचा तुम्हाला पश्चात्ताप होतो का?"

"होतो," बाई म्हणाल्या.

वकिलांनी सुस्कारा सोडला. दमयंतीबाईंनी हात जोडले. मला वाटलं, चला, सुटलो.

"त्याची साखळी एकाच झटक्यात तुटली," बाई म्हणाल्या. "माझ्या वेळेला त्याने तीन झटके दिले होते."

न्यायाधीशांनी पुढची तारीख दिली.