प्राणपदकाचे नव्याण्णव टक्के

किराणा दुकानासमोर एवढी गर्दी होती की आत साखर फुकट वाटताहेत की काय, असं वाटावं. फुकट काहीही नव्हतं. एक माणूस प्लॅस्टिकच्या खुर्चीवर उभा राहून लोकांना श्वास कसा घ्यावा ते शिकवत होता, आणि जन्मल्यापासून बिनशिकवणीचा श्वास घेणारी ही मंडळी आ वासून ऐकत होती. ऐन साथीचे दिवस. मास्क सगळ्यांकडे होते, नाही असं नाही. कुणाच्या हनुवटीला होता, कुणाच्या कोपरात, आणि आमच्या वकीलसाहेबांनी तर तो टकलावर सरकवून ठेवला होता.

"श्वास सोडता ना?" खुर्चीवरच्या माणसाने विचारलं.

"सोडतो!" गर्दी म्हणाली.

"तोंडाला फडकं बांधल्यावर तो जातो कुठे?"

"फडक्यात!"

"आणि मग परत कुठे येतो?"

"नाकात!"

"मग ही कुठली हवा झाली? उष्टी हवा! दुसऱ्याच्या ताटातलं उष्टं खाताना तोंड वाकडं करता, आणि दिवसभर नाकाने उष्टं ओढता? लाज वाटत नाही?"

गर्दीला लगेच लाज वाटली. मास्क न लावल्याची इतक्या दिवसांत वाटली नव्हती, लावल्याची एका मिनिटात वाटली.

मग त्याने इस्त्रीवाल्याला पुढे बोलावलं, त्याच्या तोंडाला मास्क लावला आणि बोटाला एक चिमटा अडकवला. रक्तातला प्राणवायू मोजायचा तो चिमटा. साथीमुळे त्याचं नाव पोराबाळांनाही पाठ झालं होतं. चिमटा स्वतःच्या मुठीत नीट धरून त्याने आकडा सगळ्यांना दाखवला. नव्वद. शहाऐंशी. एक्क्याऐंशी. इस्त्रीवाल्याला खरोखरच घेरी आली. आकडा बघून आली, पण आली. मग मास्क काढला, गळ्यात तांब्याचं एक वाटोळं पदक अडकवलं, आणि आकडा सरसर चढत नव्याण्णववर जाऊन थांबला. टाळ्या पडल्या. एका बाईंनी तर हात जोडले.

हा प्राणगुरू. ही पदवी त्याची त्यानेच घेतली होती. साथीआधी तो झोपेत पाठदुखी घालवणाऱ्या गाद्या विकायचा. माझं चष्म्याचं दुकान किराणा दुकानाला लागूनच, मधली भिंत एक, त्यामुळे हा तमाशा मला रोज फुकट बघायला मिळायचा.

मी किराणावाल्याला म्हटलं, "अरे, हा गादीवाला ना?"

"माणूस बदलतो, चष्मेवाले," तो म्हणाला. "तुम्ही जरा तुमच्या काचा पुसा."

किराणावाला माणूस वाईट नव्हता. फक्त गिऱ्हाईक दारातून परत गेलं की तो रात्रभर त्या तोट्याचा हिशेब करायचा. दुकानात मास्कशिवाय प्रवेश नाही, असा नियम आला तेव्हा त्याने तो अक्षरशः पाळला. दाराशी खिळा ठोकला आणि त्यावर एक निळा मास्क टांगला. ज्याने मास्क आणला नसेल त्याने खिळ्यावरचा लावायचा, आत जाऊन सामान घ्यायचं आणि बाहेर पडताना परत खिळ्याला अडकवायचा. पुढच्याने तोच लावायचा. असं सकाळपासून संध्याकाळपर्यंत. तपासनीस दोनदा आला आणि प्रत्येक तोंडावर मास्क बघून खूश होऊन गेला.

"एकाच मास्कमध्ये अख्खी गल्ली शिंकतेय," मी एकदा ओरडलो.

"रोज धुतो ना घरी नेऊन!" त्याने मलाच झापलं. "आणि कुणी नाही शिंकत. सभ्य लोक येतात माझ्याकडे."

या सभ्य लोकांनाही तो मास्क जड होत होता. कुणाचा जीव घुसमटायचा, कुणाची लिपस्टिक पुसायची. वकीलसाहेबांना तर आपल्या मूलभूत हक्कांची आठवण मीठ घेतानाच व्हायची. समोरच्या दुकानात काही विचारत नाहीत, तिकडे जातो, ही धमकी रोज ठरलेली. त्यात हा प्राणगुरू उगवला, आणि आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन, असं झालं. निळा मास्क खिळ्यावरून उतरला. तिथे पाटी लागली: 'मास्क किंवा प्राणपदक'. पदकं विकायला दुकानातच ठेवलेली.

"खरं असेल का हो?" मी इस्त्रीवाल्याला विचारलं.

"गाजराची पुंगी आहे, चष्मेवाले. वाजली तर वाजली, नाहीतर मोडून खाल्ली. आपलं काय जातंय?"

जाणार होतं ते त्याचं नव्हतंच. दुकानाच्या काउंटरमागे किराणावाल्याचे वडील बसायचे. सगळे त्यांना बाबाच म्हणत. दुकान त्यांनीच उभं केलेलं. आता वय झालं होतं, छाती जुनीच दुखणाईत, पण घरी करमत नाही म्हणून येऊन बसायचे. गिऱ्हाईक पैसे द्यायला वाकायचं ते त्यांच्या तोंडासमोर. बाबांना ऐकू कमी यायचं, म्हणून ते आणखी पुढे वाकायचं आणि मोठ्याने बोलायचं. वाऱ्यावर काही येत असेल, तर त्याचा पहिला मुक्काम बाबा होते. हे मी किराणावाल्याला सांगून पाहिलं. पालथ्या घड्यावर पाणी.

आणि व्हायचं ते झालंच. बाबांना ताप आला. उतरला. मग खोकला लागला, आणि मग दम. काउंटरवरून उठून गोणीपर्यंत जायचं तर मध्ये टेकायला लागलं. मुलाने प्राणगुरूला बोलावलं. त्याने बाबांच्या बोटाला चिमटा लावला. नव्याण्णव. गळ्यात एका पदकाऐवजी दोन घातली. तरी नव्याण्णव.

"शुद्धी चालू आहे," प्राणगुरू म्हणाला. "आतलं उष्टं बाहेर पडतंय. दवाखान्यात न्याल, तर तिथे तोंडावर नळी लावून सगळं परत आत कोंबतील."

"नव्याण्णव आहे म्हटल्यावर काळजी कसली?" किराणावाला मला म्हणाला. हे बोलताना त्याचा आवाज बारीक झाला होता. मी डॉक्टर नाही. पण बाबांचे ओठ कुठल्या रंगाचे दिसताहेत, हे कळायला चष्मासुद्धा लागत नव्हता. मी त्याच्या बहिणीला फोन केला.

ती शाळेत विज्ञान शिकवते. शाळा बंदच होत्या. दुसऱ्या दिवशी दुपारी ती आली, नाकातोंडावर घट्ट मास्क बांधून. बाहेर प्राणगुरूचा खेळ रंगला होता. ती गर्दीतून वाट काढत थेट काउंटरमागे गेली आणि बाबांसमोर गुडघ्यावर बसली.

"बाबा, जेवलात का?"

"हो... थोडं..." बाबा थांबले. श्वास घेतला. "तू... कधी..." पुन्हा थांबले. वाक्य पुरं झालंच नाही.

ती उठली. "दादा, गाडी काढ. आत्ता."

"अगं, नव्याण्णव आहे," भाऊ म्हणाला. "बघ ना, त्यांनी त्यांच्याकडचा दुसरा चिमटा बोटाला लावूनच ठेवलाय."

"ज्या माणसाला चार शब्द एका दमात बोलता येत नाहीत, त्याचा नव्याण्णव असतो?"

खुर्चीवरून खाली उतरून प्राणगुरू आत आला. मागोमाग गर्दी. "ताई, शंका आली की ऊर्जा अडते."

"अडू दे." तिने बाबांच्या बोटाचा चिमटा काढला.

"हात लावू नका! बाईमाणसाचा स्पर्श झाला की यंत्र बिघडतं!"

"तुमच्या आईने काय तुम्हाला चिमट्याने उचलून वाढवलं?"

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. तिने चिमटा उघडून आत पाहिलं, पुन्हा मिटला, पुन्हा उघडला. मग दाराशी असलेल्या भाजीच्या टोपलीतून एक गाजर उचललं आणि चिमटा त्याला लावला. आकडा सावकाश उमटला. नव्याण्णव.



"गाजर ठणठणीत आहे," ती म्हणाली.

प्राणगुरू डगमगला नाही. निर्लज्जपणाचंही एक शिक्षण असतं, ते त्याने पूर्ण केलेलं होतं. "वनस्पतीतही प्राण असतो!" त्याने दोन्ही हात वर केले. "पाहिलंत? गाजराचा प्राणसुद्धा यंत्राने ओळखला!"

आणि आमची गर्दी, काय सांगू, मान डोलवायला लागली. "खरंय, वनस्पतींना जीव असतो," वकीलसाहेब म्हणाले. "शाळेत होतं आपल्याला."

मला तेव्हा त्या प्राणगुरूपेक्षा या माणसांचा जास्त संताप आला. त्याचं निदान पोट तरी त्यावर होतं.

बहिणीने भावाच्या कानामागचं बॉलपेन ओढून काढलं. चिमटा पेनाला लावला. नव्याण्णव.

"आता पेनाला प्राण आला का?"

 वकीलसाहेबांनाही शाळेतलं काही आठवेना.

"दादा, माझ्या बोटाकडे बघ." तिने चिमट्याच्या खालच्या बाजूला, पकडताना तळहात येतो तिथे, अंगठा दाबला. बाहेरून काही दिसत नव्हतं, पण आत बटण होतं. आकडा उतरायला लागला. नव्वद. शहाऐंशी. एक्क्याऐंशी. "मास्क कुणी लावला? पेनाने?" तिने अंगठा सोडला. आकडा चढला. "पदक कुणी घातलं?"

इस्त्रीवाला पुढे वाकून बघत राहिला. "म्हणजे माझी घेरी..."

"तुमची घेरी तुमची तुम्हीच आणलीत, काका. खऱ्या चिमट्यात एका बाजूने लाल उजेड बोटात शिरतो आणि दुसऱ्या बाजूला तो किती पोचला, ते मोजलं जातं. रक्तात प्राणवायू कमी असला, की रक्ताचा रंग बदलतो, उजेड वेगळा पोचतो, म्हणून आकडा कळतो. यात उजेडच नाही. उघडून बघा, काळोख आहे. हे खेळणं आहे. लहान मुलं डॉक्टर-डॉक्टर खेळतात, तसलं. आतली बटणं तेवढी याने बसवलीत."

"आणि ते उष्ट्या हवेचं?" हात जोडणाऱ्या बाईंनी चाचरत विचारलं.

तिचा आवाज तेव्हा पहिल्यांदा चढला. "मास्कमधून हवा येते-जाते, म्हणून तर मी आत्ता ओरडू शकतेय. अडतात ते थुंकीचे तुषार. स्वतःचं उष्टं तुम्हाला चालत नाही. आणि रोज एवढी माणसं माझ्या बापाच्या तोंडावर वाकून बोलून गेली, ते कुणाचं उष्टं होतं? ते यांना कसं चाललं?"

प्राणगुरूने तोवर पदकांची पिशवी उचलली होती. दारात इस्त्रीवाला आडवा आला, पण बहीण म्हणाली, "त्याला नंतर बघा. आधी बाबांना उचला." तो निसटला. खुर्ची तेवढी राहिली. ती किराणावाल्याचीच होती.

बाबांना गाडीत घालून आम्ही दवाखान्यात पोचलो. दारात पहारेकरी होता. त्याने स्ट्रेचर आत घेतलं, बहिणीला सोडलं, मास्क होता म्हणून मलाही सोडलं. किराणावाल्यापुढे हात आडवा केला.

"मास्क?"

किराणावाल्याने खिसे चाचपले. मग, देवाशपथ सांगतो, त्याने सदऱ्यातून पदक बाहेर काढून दाखवलं. सवयीने. पहारेकऱ्याला ते काय आहे, हेही कळलं नाही.

"मास्क घेऊन या. समोर औषधांच्या दुकानात मिळेल."

"माझे वडील आहेत ते!"

"आत सगळ्यांचेच कुणी ना कुणी आहेत," पहारेकरी म्हणाला. ओरडला नाही, साधंच म्हणाला.

तो पळत गेला, मास्क घेऊन पळत आला. तोवर बाबांच्या बोटाला खरा चिमटा लागला होता. आकडा अडुसष्ट होता. डॉक्टरांनी एकदाच आमच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "इतके दिवस काय करत होतात?" स्ट्रेचर आतल्या कक्षात गेलं. तिथे नातेवाइकांना जायची परवानगी नव्हती. जाताना बाबांनी मान वळवून मुलगा कुठे आहे ते पाहिलं. मुलगा तेव्हा रस्ता ओलांडत होता.

त्याच आठवड्यात बाबा गेले. मुलाची आणि त्यांची भेट झाली नाही. डॉक्टर म्हणाले, दम लागला त्याच दिवशी आणलं असतं, तर बरीच आशा होती. हे वाक्य किराणावाल्याने मला कितीदा ऐकवलं असेल. मी ऐकून घेतो. "तुझी चूक नाही" असं म्हणत नाही, कारण ते खोटं होईल.

दुकान पुन्हा उघडलं तेव्हा दारावर नवी पाटी होती: 'मास्क नसेल तर सामान बाहेर आणून देऊ. आत यायचं नाही.' काउंटरमागे तो स्वतः बसला होता, नाकावर मास्क चेपून. पहिल्याच सकाळी वकीलसाहेब आले, तोच मास्क टकलावर. पाटी वाचली. आणि म्हणाले, "आता कशाला हे? आता तर बाबाही नाहीत."

किराणावाल्याने हातातलं माप खाली ठेवलं.  दाराकडे बोट दाखवलं आणि वकीलसाहेब बाहेर जाईपर्यंत खाली केलं नाही. जन्मात पहिल्यांदा त्याने गिऱ्हाईक परत पाठवलं.

प्राणगुरू आता दुसऱ्या वस्तीत पाणी भारून देतो, असं ऐकतो. तिथेही गर्दी असणार. त्या गर्दीला माझी अक्कल नको असेल, पण एक गोष्ट फुकट सांगतो. चमत्कार दाखवणाऱ्याला म्हणा, तुझ्या हातातली वस्तू जरा माझ्या हातात दे, मी बघतो. द्यायला तयार नसेल, तर टाळ्या न वाजवता घरी जा. आणि दुकानात शिरताना नाक झाका. हक्कांवर भाषण नंतर करा. काउंटरमागे कुणाचा तरी बाप बसलेला असतो.