दार लावून कुटलेली मुळी

मी खल बोलतोय. दगडाचा, काळा, काठाचा टवका उडालेला. माझ्यात फक्त औषधं कुटतात. कुणी वेलची घेऊन आलं तर मी मनातल्या मनात ओरडतो, बाई, लांब हो! माझ्या अंगात काय काय मुरलंय ते तुम्हाला ठाऊक नाही. मला ठाऊक आहे, म्हणून मी भितो. दगडाला कसली आलीय भीती, असं म्हणून हसायचं असेल तर हसून घ्या एकदाचे.

खाणीतून मला काढलं, पाथरवटाने छिन्नीने पोट कोरलं. दुखलं. त्याचं रडगाणं गात नाही. मग एका औषध देणाऱ्या माणसाच्या घरी आलो. तो गेल्यावर त्याच्या भाच्याकडे राहिलो. तोच आताचा आबा. गल्लीत सगळे त्याला आबाच म्हणतात.

आबा हाताचा गुणी, तोंडाचा फटकळ. झाडपाला, साली, मुळ्या, सगळं ओळखायचा. आपल्या आवाक्यातलं दुखणं नसलं तर दारातूनच परत लावायचा. "माझ्याकडे काय बघत बसलास? दवाखाना गाठ, नाहीतर मरशील."

पण एक खोड वाईट. औषध करायला बसला की खोलीचं दार आतून बंद. मामाने त्याला सांगून ठेवलेलं, कृती बोलून दाखवली की औषधाचा गुण जातो. मामाने बोलून सांगितलं नाही हे खरं, पण हाताला धरून शिकवलं तरी. आबाने कुणाचा हातही धरला नाही. गुणबिण काही जात नाही हो! मी त्या खोलीत होतो, मला विचारा. पण दगडाला विचारतो कोण?

पाठदुखीवर तो एका काळ्या मुळीची पूड द्यायचा. ही मुळी कच्ची पोटात गेली तर माणूस आडवा होतो. कायमचा. म्हणून आबा ती आधी दुधात उकळायचा, दूध फेकून द्यायचा, पुन्हा नव्या दुधात उकळायचा, धुवायचा, वाळवायचा. मग माझ्यात कुटायचा. सगळं दाराआड.

त्याची सून बाहेर असायची. मुळ्या तीच निवडून द्यायची, पूड वस्त्रगाळ करायची, पुड्याही तीच बांधायची. मधलं तिला काही दिसायचं नाही. आत जाणारं दूध तेवढं दिसायचं. तिला वाटायचं, म्हातारा पितो.

"दार लावून दूध ढोसतात," ती नवऱ्याला सांगायची. "घोटभर कुणाला द्यायचे नाहीत."

मी हे ऐकत होतो. हसूही आलं होतं तेव्हा.

मग आबाला झटका आला. उजवं अंग लुळं पडलं, वाचा गेली. त्याची खाट बाहेरच्या खोलीत भिंतीशी लावली. मी आत फळीवर धूळ खात पडलो.

एका दुपारी शेजारचा शिंपी कमरेवर हात ठेवून आला.

"वहिनी, आबांची ती पूड द्या की. मशीनवर बसवत नाही."

"आबांचं हे असं. पूड कधीच संपली."

"मग तुम्ही करा. इतकी वर्षं या घरात काय नुसत्या भाकऱ्या थापल्यात?"

तिला ते लागलं. ती आत आली, डब्यातून काळ्या मुळ्या काढल्या आणि मला खाली घेतलं. दार उघडंच ठेवलं. मुळ्या कच्च्या होत्या.

बत्ता पडला आणि मला घाम फुटला. दगडाला फुटत नाही म्हणतात, मला फुटला. शुद्ध केलेली मुळी पटकन चुरते, कच्ची टणक लागते. ठण, ठण, ठण. मी जितका वाजेन तितका वाजलो. एक तुकडा उडवून बाहेर फेकला. तिने तो उचलून पुन्हा आत टाकला!

पूड झाली. पुडी झाली. शिंप्याने पाण्याचा पेला हातात घेतला.

तेवढ्यात बाहेरून आवाज आला. "अं... अं!" आबा जागा झाला होता. तो ठणठणाट त्याने ओळखला होता.

"आले आबा. पाणी हवंय?" सुनेने चमचा लावला. त्याने थुंकून टाकलं.

शिंपी म्हणाला, "मला बघून चिडलेत. मागचा सदरा काखेत घट्ट झाला होता ना." आणि त्याने पुडी उघडली.

आबाने डावा हात खाटेच्या कडेला घातला आणि अंग खाली लोटून दिलं. धाडकन पडला. दोघं धावली. पुडी जमिनीवर सांडली. पडल्या पडल्या आबा चुलीवरच्या दुधाच्या पातेल्याकडे बोट दाखवत होता.

"दूध? आत्ता?" सून करवादली. "जीव जायची वेळ आली, तरी दुधाचा नाद सुटत नाही!"

आबाने मान हलवली. कुटताना दारातून घरंगळत खाटेपाशी आलेली एक अख्खी मुळी उचलली, तिच्या हातात कोंबली आणि तिचा हात धरून पातेल्याकडे ओढला. पुन्हा ओढला. मग सांडलेल्या पुडीकडे बोट करून स्वतःच्या गळ्यावरून आडवं फिरवलं.

सुनेने हातातल्या मुळीकडे पाहिलं, मग पातेल्याकडे.

"म्हणजे... तुम्ही पीत नव्हता?"

शिंप्याच्या हातातला पेला कलंडला. पाणी त्याच्या पायावर सांडलं तरी त्याला कळलं नाही.

त्यानंतर आबाने डाव्या हाताने तिला मुळीची सगळी रीत दाखवली. मला खाटेजवळ आणलं, दार सताड उघडं. शिंपीही बघायला बसला, पण पूड मात्र त्याने अजून तोंडात घातलेली नाही. कोण घालील?

पण आबाला काय एकच औषध येत होतं? फळीवर बरण्याच बरण्या आहेत. सून रोज एक घेऊन बसते. "आबा, हे भिजवायचं का? हे भाजायचं?" आता त्याला डावा हातही उचलवत नाही. हो असेल तर डोळे मिटायचे, असं ठरलंय.

तुमच्याकडे असा कुणी दार लावून बसणारा असेल, तर त्याची भीड धरू नका. तोंड चालतंय तोवर विचारा. चार जणांना सोबत घेऊन विचारा. चिडला तर चिडू द्या. माझ्या पोटात सगळं आहे आणि त्याचा उपयोग शून्य आहे.

आत्ता ती खाटेशी बसलीय. हातात तापाच्या सालीची बरणी. "आबा, ही कच्चीच कुटायची ना?" आणि आबाने डोळे मिटलेत. हो म्हणाला, की झोप लागली, तिला कळत नाहीये. ती वाकून त्याचा श्वास बघतेय. मला ठाऊक आहे, ही साल कच्ची कुटायची नाही. उघड की डोळे, आबा. उघड.