दोनदा सांगितलेले वाक्य

मी एक जुना लाकडी नळा आहे, मित्रांनो. माझ्यात लोणी आणि मीठ घातलेला चहा घुसळतात. हिमालयात, नामचे या बाजारगावाच्या वरच्या एका वस्तीत काजी शेर्पाने फळ्या जोडून, पितळी पट्ट्या ठोकून मला घडवले आणि बायकोला दिले. "चहा पातळ झाला तर आता नळ्याला नावं ठेवू नकोस," तो दाफुतीला म्हणाला. चहा कधीच पातळ झाला नाही.

काजी गिर्यारोहकांबरोबर डोंगरावर जाई. एका वर्षी तो परतला नाही. त्याचा सोबती गेल्जेन एकटाच येऊन चुलीपाशी बसला. दाफुती चहा घुसळत होती.

आमच्या बोलीत माणूस एकाला एक जोडत बोलत जातो. क्रियापद येते अगदी शेवटी, आणि त्याच्या शेपटावरून कळते, की हे डोळ्यांनी पाहिलेले आहे की नुसते ताडलेले.

"वहिनी, पहाटे निघून, बर्फाच्या भेगेवरची शिडी ओलांडून, वारा सुटल्यावर साहेबांना पुढे काढून, काजी स्वतः मागे थांबून, माझ्या हाकेला ओ न देता..."

दाफुतीचा हात थांबला.

"...कड्यावरून गेला असणार."

"असणार? म्हणजे तू पाहिलं नाहीस!"

"नाही, वहिनी. वळून बघतो तर दोर रिकामा."

त्या 'असणार'वर ती जगू लागली. मृताचे विधी करू देईना. रोज नवऱ्याच्या वाट्याचा चहा करी आणि गार झाला की ओतून देई. तिची लहान मुलगी भुकेने रडे, तरी ती दारातून हलत नसे.

अखेर सासूने गेल्जेनला बोलावले.

"पुन्हा सांग. शेवट नीट कर."

"आई, पाहिलं नाही ते पाहिलं म्हणू?"

"माझा मुलगा गेला, बाबा. आता ही पण चाललीय. सांग."

गेल्जेनने पहाटेपासून पुन्हा सुरुवात केली. मान खाली घालून, एकेक जोडत तो शेवटाला आला. "...कड्यावरून गेला." या वेळी शेपूट पाहिल्याचे होते.

दाफुतीने त्याची खाली घातलेली मान पाहिली. खोटे तिला कळले होते.

"बरं," ती म्हणाली. "लामांना बोलवा."

विधीला येणाऱ्यांसाठी तिने चहा घुसळायला घेतला. इतका जोर लावला, की माझी एक फळी तडकली.

त्यानंतर ती लांब वाक्य बोललीच नाही. "जेव." "नीज." "ये." मुलगी एवढ्यावरच वाढली आणि काठमांडूला निघून गेली. मी कोपऱ्यात सुकतो आहे.

मित्रांनो, कोरडे लाकूड फाटते. त्याला अधूनमधून लोण्याचा हात लावा. आणि घरातले कुणी एकेका शब्दावर आले असेल, तर उठून जाऊ नका. चहा करा, आणि त्याच्याजवळ बसा.